पऱ्हाटीचा सध्याचा उपयोग

वसमतच्या वाटेवर सरकीच्या तेलाचा एक कारखाना होता, तिथे मी बॉयलरवर होतो. दोन हजार सालानंतरची गोष्ट. एका सकाळी फाटकाशी हिरवा फलक लागला: आमची कंपनी हरितगृह वायूंचं उत्सर्जन कमी करण्यास वचनबद्ध आहे. पुण्याहून आलेल्या साहेबांनी आम्हाला रांगेत उभं केलं, हात पुढे करायला लावून शपथ दिली. पृथ्वी तापत चालली आहे, असं ते म्हणाले. बॉयलरपुढे उभं राहणाऱ्यांना ते पटायला वेळ लागला नाही.

शपथेचा अर्थ एवढाच, की दगडी कोळसा बंद आणि त्याच्या जागी पऱ्हाटी. कापूस वेचून संपला की रानात उभी राहतात ती वाळकी झाडं. कोळसा जमिनीच्या पोटातला, पऱ्हाटी मात्र हवेतलंच घेऊन वाढते, तेच परत हवेत जातं, भर पडत नाही, हे साहेबांनी मला नीट समजावलं. त्यात काही खोटं नव्हतं. म्हणून तर आजही जास्त राग येतो.

आसपासच्या गावांची माहिती भरायचा कागद त्यांनी माझ्याच हातात दिला, कारण मी इथला. गाव, कापसाचं रान, आणि पुढे एक रकाना: पऱ्हाटीचा सध्याचा उपयोग. माझ्या गावापुढे मी लिहिलं, ‘काही नाही. वाया जाते.’ साहेबांनी पाठ थोपटली आणि मी गाढव फुशारून गेलो.

आमच्याकडे रीत अशी, की उन्हाळ्याच्या तोंडाला बाया लांब दांड्याच्या लोखंडी चिमट्यानं पऱ्हाटी मुळासकट उपटून रान मोकळं करून द्यायच्या आणि मोळ्या बांधून घरी न्यायच्या. मजुरी कुणी मागायचं नाही, कुणी द्यायचं नाही. शेतकऱ्याचं रान साफ व्हायचं, बाईची पावसाळाभराची चूल भागायची. माझी आई जन्मभर तेच करत आली होती. घरामागे तिनं रचलेली पऱ्हाटी माझ्या डोक्याच्या वर जायची, तिच्या सावलीत बसून मी आयटीआयचा अभ्यास केला. आणि लिहिताना मला ती आठवली नाही! जे विकत घेतलं जात नाही त्याला उपयोग म्हणायचं नाही, एवढं शहाणपण मी शिकून आलो होतो.

पुढच्या वर्षी कारखान्यानं नेमलेल्या कंत्राटदाराचे ट्रॅक्टर पऱ्हाटी न्यायला रानात उतरले. आई चिमटा घेऊन गेली तर शेतकऱ्यानं मान खाली घालून सांगितलं, मावशी, औंदा कारखान्याला द्यायचं ठरलंय. ती तशीच परत आली. मग कालव्याच्या काठची वेडी बाभूळ तोडणं सुरू झालं. काटे, ओलं लाकूड, घरभर धूर. गॅससाठी नाव लावलं होतं, नंबर काही येत नव्हता. गल्लीतल्या बायांनी तर नावही लावलं नव्हतं. आईचे डोळे सदा लाल असायचे आणि मी ते बघायचं टाळायचो.

वर्षाअखेर कंपनीनं गुळगुळीत कागदाचं पुस्तक काढलं. त्यात बॉयलरशेजारी माझा फोटो होता. मी तो आईला दाखवायला नेला, अजून हौस फिटली नव्हती ना. ती भाकरी थापत होती. फोटो पाहून हसली, म्हणाली, खाली काय लिहिलंय ते वाच. मी वाचलं: पूर्वी वाया जाणारी पऱ्हाटी आता आमच्या कामी येते.

“वाया? कुनी सांगितलं त्यायला?”

खोटं बोलता आलं असतं. का कोण जाणे, बोललो नाही. “मीच लिहून दिलं.”

ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली, पदरानं डोळे पुसले, ते धुरानं की कशानं मला कळलं नाही.

“मंग इतके दिस तू जेवत कुठं व्हतास?”

आणि नेहमीसारखी तिनं माझ्यापुढे ताटली सरकवली.