सुईणीच्या कानी सांगितलेलं

विदरकोंबमधलं निम्मं गाव गुनोराच्या हातांवर जन्माला आलं होतं. चाळिशी ओलांडलेली, रुंद हाडाची आणि बोलायला फटकळ बाई. बाळंतीण दात आवळून कण्हायला लागली की म्हणायची, "ओरड की मोकळ्या गळ्याने! देवळाची घंटा तुझ्यापेक्षा मोठ्याने बोंबलते, तिची कोणी लाज काढतं का?" जन्मताच निळं पडलेलं मूल हाती आलं, तर पाद्र्याची वाट न बघता त्याच्या कपाळावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा करायची आणि त्याला नाव द्यायची. सुईणीला तेवढी मुभा होती.

तिचा नवरा वायमंड तिरंदाज म्हणून राजाच्या फौजेबरोबर फ्रान्सला गेला आणि कॅलेच्या वेढ्यात हगवणीने मेला. सांगायला आलेल्या सोबत्याला तिने वाटाण्याचं कालवण आणि राय नावाच्या धान्याची भाकर वाढली. तो दिसेनासा झाल्यावर मग रडली. मूलबाळ नव्हतं. राहिलं ते ओढ्याकाठचं वावर. त्यात ती घेवडा लावायची. पण वायमंड फौजेबरोबर गेला त्या उन्हाळ्यापासून ते वावर तिला अरुंद वाटू लागलं होतं. पावलांनी मोजलं की चार पावलं कमी भरायची. शेजारचं वावर गिरणीवाल्या हॅमोचं. हद्दीचा दगड सरकलाय असं तिला वाटे, पण हे सांगायला साक्षीदार कोण होता?

मग ती साथ आली. काखेत गाठी, अंगात आग, तीन दिवसांत माणूस संपायचं. म्हातारे फादर ड्रोगो प्रत्येक घरी गेले, प्रत्येकाचा हात धरला, आणि नाताळाआधी स्वतःच गेले. नवा पाद्री येईना. लोक पापांची कबुली न देता मरायला लागले, आणि तसं मेलेल्याचा आत्मा नरकात जातो असं सगळे मानत. मरणापेक्षा लोकांना त्याचीच जास्त धास्ती होती.

जानेवारीत एक कारकून बिशपचं पत्र घेऊन आला. दफनभूमीच्या फाटकाबाहेर उभं राहून त्याने ते वाचलं: पाद्री मिळत नसेल तर मरणाऱ्याने आपली पापं कोणाही माणसाला सांगावी, पुरुष नसेल तर बाईलाही सांगावी. ऐकणाऱ्याने मात्र ती मरेपर्यंत पोटात ठेवावी.

"बाईला?" हॅमो हसला. "म्हणजे संध्याकाळपर्यंत विहिरीवर!"

दोनचार जण हसले. पण मरणाऱ्यांकडे जायला कोणी तयार होईना. पुरुषांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग आपापल्या पायांकडे पाहिलं.

"मी जाते," गुनोरा म्हणाली. "जन्मताना मीच असते. मरताना असले तर काय बिघडतं?"

आणि ती गेली. घरोघरी गेली. तोंडाला व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं बांधायची, खाटेशी बसायची आणि ऐकायची. चोऱ्या, मारझोड, भावाच्या बायकोवर डोळा, म्हाताऱ्या आईला उपाशी ठेवलेलं. "क्षमा करणं माझ्या हातात नाही," ती प्रत्येकाला सांगायची. "ऐकणं आहे. बोल."

लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासांच्या, पहिल्या आठवड्यात हॅमोचा मुलगा ऑस्बर्ट तिच्या दारापासून दहा हात लांब उभा राहिला. "मावशी, बाबा तुला बोलावतायत."

हॅमोचा चेहरा काळवंडला होता. तिला पाहून त्याने डोळे मिटून घेतले.

"तुझ्यासमोरच बोलायची पाळी यावी," तो पुटपुटला. "दगड मी सरकवला, गुनोरा. तुझा नवरा गेला त्या उन्हाळ्यात. चार पावलं."

तिने हातातला पाण्याचा वाडगा खाली ठेवला. उठून जावं असं तिला वाटलं. पण ती बसून राहिली.

"माफ केलंस?" त्याने विचारलं.

"माझं विचारशील तर नाही. मी रागावलेय आणि रागावलेलीच राहणार. पण तुला वाईट वाटतंय हे देवाला सांग, मी इथे बसलेय. आणि ऑस्बर्टला बोलाव, तुझ्या तोंडाने त्याला सांग."

"हो," तो म्हणाला. तिने हाका मारल्या. ऑस्बर्ट अंगणात रडत होता, पण उंबरा ओलांडेना. "मावशी, माझ्याने नाही होत," एवढंच म्हणत राहिला. तेवढ्यात हॅमोची जीभ जड झाली. दुपारी तो गेला. तिनेच त्याचे डोळे मिटले.

उन्हाळ्याच्या तोंडावर साथ ओसरली. निम्मी वावरं मालकांवाचून पडली होती, म्हणून जहागीरदाराच्या कारभाऱ्याने सगळ्या हद्दी नव्याने नोंदवायला घेतल्या. देवळाच्या पडवीत एकेकाला उभं करून तो विचारत होता. गुनोराची पाळी आली.

"ओढ्याकाठचं वावर. दगड आहे तिथे बरोबर आहे? तक्रार असेल तर आज सांग. आज लिहिलं ते कायमचं."

ऑस्बर्ट शेजारीच उभा होता. भाबडा पोरगा, त्याला काहीच ठाऊक नव्हतं. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं.

"माझी तक्रार नाही," ती म्हणाली.

बाहेर येताच तिची जुनी मैत्रीण आल्डिथा तिच्यावर तुटून पडली. "वेडी झालीस का गं? तीन वर्षं पावलं मोजून माझं डोकं खाल्लंस, आणि आज दातखीळ बसली?"

"तेव्हा मला शंका होती."

"आणि आता?"

गुनोरा डोक्याचं फडकं सारखं करू लागली. आल्डिथा शहाणी बाई. तिच्या तोंडाकडे बघता बघता तिला काहीतरी उमगलं आणि तिचा आवाज खाली आला. "तरी पण... शंका तर तुझी स्वतःची होती ना? तेवढी तरी सांगायचीस."

"आज मी तोंड उघडलं असतं तर ते माझं तोंड राहिलं नसतं," गुनोरा म्हणाली. "पुन्हा हा विषय काढू नकोस."

अरुंद वावरावर पोट भरेना. माणसं कमी पडल्याने जहागीरदार पडीक जमीन थोडक्या खंडाने देत होता. तिने टेकडीवरचा खडकाळ तुकडा मागितला. कारभारी म्हणाला, "बाई, तिथे बकरीही टिकत नाही." दोन हिवाळे तिने तिथले धोंडे उचलून कडेला रचले. हाताची बोटं फुटायची, म्हणून चरबी चोळायची; त्याच बोटांनी बाळंतपणं करायची. तिसऱ्या वर्षी तिथे गुडघाभर बार्ली उभी राहिली.

लोक अधूनमधून दारात यायचेच. "आमचा हा माझ्याबद्दल काही बोलला का गं?" एखादी विधवा विचारायची. गुनोरा तिला घरी केलेली एल बिअर प्यायला द्यायची, पाठीवर हात फिरवायची, आणि काही सांगायची नाही. काही जणी चिडून शिव्या देऊन गेल्या.

अखेर एक तरुण पाद्री गावात आला. गुनोराने मरणाऱ्यांची पापं ऐकल्याचं त्याला कळलं होतं. त्याने तिला बोलावून घेतलं.

"एवढ्या लोकांचं ओझं एकटीने का वाहतेस? मला सांग. तो माझा अधिकार आहे."

"फादर, माझी पापं सांगते. रागाचं एक आहे, ते जात नाही. ते रोज सांगेन."

"आणि त्यांची?"

"ती त्यांनी सांगितली आणि ते गेले. तुम्हाला त्यात काय करायचंय?"

पाद्री थोडा ओशाळला, मग हसला. "गुडघे टेक," तो म्हणाला. "तुझीच सांग."

ती गुडघ्यांवर बसली. टेकडीवरच्या धोंड्यांनी गुडघे कधीचे धरले होते, त्यामुळे बसायला वेळ लागला. पाद्री थांबला. मग तिने आपल्या रागापासून सुरुवात केली.