डावीकडे वळेना

शिवणाच्या क्लासात शिरायचं तर बायकांना आडवं होऊन, पोट आत ओढून शिरावं लागे. दाराचं एक पान जेमतेम हातभर उघडायचं, दुसरं उघडतच नव्हतं. कारण दाराला खेटून चेनचा ट्रॅक्टर उभा होता. "बाई, तुमच्याकडे शिवणाबरोबर बारीक व्हायचीही सोय आहे," असं एक अंगाने भरलेली शिष्या म्हणाली तेव्हा सगळ्या खो-खो हसल्या. बाई हसल्या नाहीत.

ट्रॅक्टर बाईंच्या नवऱ्याचा. त्यांना सगळी गल्ली डोझरवाले म्हणे. उभा जन्म त्यांनी खाणीवर असली यंत्रं चालवली. टेकड्या सपाट केल्या, रस्ते काढले, आणि घरी मात्र भिंतीत एक खिळा ठोकायचा तर महिनाभर विचार केला. माणसांशी बोलायचा त्यांना कंटाळा, यंत्राशी तासन्‌तास गुजगोष्टी. निवृत्त झाले आणि खाणीने भंगारात काढलेला हा ट्रॅक्टर क्रेनने भिंतीवरून उचलून अंगणात आणून ठेवला. चाकांच्या जागी दोन्ही बाजूंना गंजके लोखंडी पट्टे, इंजिन जाम, सीटमध्ये उंदरांचा संसार.

"दोन महिन्यांत उभा करतो," ते म्हणाले.

"उभाच आहे. चालता करा," बाई म्हणाल्या.

त्यानंतर घरात कुठे काय सापडेल याचा भरवसा उरला नाही. फ्रीजरमध्ये बर्फाच्या शेजारी इंजिनाचे लायनर; थंड केले की आकसतात आणि जागेवर अलगद बसतात, म्हणे. चांगल्या कढईत तेल तापवून त्यात बेअरिंग सोडलेलं. नणंद आली होती, तिने झाकण उचलून पाहिलं आणि विचारलं, "वहिनी, हे शिजायला फार वेळ लागतो का गं?" बाईंनी भांडून पाहिलं, रडून पाहिलं, शेवटी अबोला धरला. अबोल्याने डोझरवाल्यांची तब्येत सुधारली.

पण आता गोष्ट निराळी होती. शाळेच्या गणवेशांचं काम बाईंच्या हाताशी आलं होतं. सोमवारी शाळेच्या मोठ्या बाई स्वतः जागा पाहायला येणार होत्या आणि त्यांनी आधीच बजावलं होतं, "कापायला मोठं टेबल हवं. जमिनीवर कापलेलं आम्हाला चालत नाही." टेबल होतं. जाड फळीचं, सुताराकडून बेतून घेतलेलं, अंगणात प्लॅस्टिकखाली पडलेलं. त्याला पोट आत ओढता येत नव्हतं.

"रविवारी हा इथून हलला नाही," बाईंनी सांगितलं, "तर भंगारवाल्याला बोलावते. थोरल्या भाऊजींच्या शेतावर शेड रिकामी आहे. तिकडे न्या, त्याच्याशी काय बोलायचं ते बोला."

"क्रेन नको पण," डोझरवाले म्हणाले. "इंजिन सुरू झालंय आता. चालत्या ट्रॅक्टरला क्रेनने उचलायचं? शोभतं का ते?"

रविवारी ट्रेलर येऊन गेटाच्या डावीकडे गल्लीत उभा राहिला. टेबल उचलायला चार शिष्या पदर खोचून आल्या. डोझरवाले इस्त्रीचा शर्ट घालून सीटवर चढले. इंजिन खोकलं, शिंकलं, आणि वाळत घातलेल्या चादरींवर काळा धूर सोडून धडधडायला लागलं. बाईंनी चादरींकडे पाहिलं आणि राग गिळला.

डावा दांडा ओढला की डावा पट्टा थांबतो, उजवा चालत राहतो आणि यंत्र डावीकडे वळतं. हे ऐकून ऐकून बाईंनाही पाठ झालं होतं. गेट डावीकडे होतं. डोझरवाल्यांनी डावा दांडा ओढला. ट्रॅक्टर नाकासमोर सरळ गेला. त्यांनी थांबवला, पुन्हा ओढला. पुन्हा सरळ.

"काय झालं?"

"डावा क्लच आतून चिकटलाय. पडून पडून गंजलाय."

"हे आत्ता कळलं?"

"परवा शंका आली होती."

"मग?"

"म्हटलं, सुटेल."

बाईंनी कपाळाला हात लावला. "उजवीकडे?"

"उजवीकडे झकास वळतो."

उजवीकडे क्लास होता. मागे स्वयंपाकघर. पुढे कुंपणाची भिंत.

"उघडून बघावं लागेल," डोझरवाले म्हणाले. "आठ दिवस. फार तर महिना."

बाईंनी टेबलाकडे पाहिलं. मग दाराकडे. ट्रॅक्टर पुढे सरकूनही त्याचं ढुंगण अजून अर्ध्या दारात होतं.

"सरळ जातो ना?"

"बाणासारखा."

"मग सरळ न्या."

"अगं, पुढे भिंत आहे!"

"मला दिसते."

"ती मी स्वतःच्या हाताने बांधलीय."

"म्हणूनच म्हणते, लगेच पडेल."

ट्रेलरवाला तोंड फिरवून हसला. डोझरवाल्यांनी ओठ घट्ट मिटून ट्रॅक्टर पुढे घेतला. त्याचं नाक भिंतीला टेकलं. जाता जाता एकदा शेवटचं म्हणून त्यांनी डावा दांडा पोटाशी ओढला, डावा ब्रेक दाबून धरला आणि वेग वाढवला. इंजिन कण्हलं, भिंत पोटातून फुगली, आणि आत कुठेतरी काडकन आवाज झाला. भिंत गल्लीत आडवी झाली. ट्रॅक्टर विटांवरून डुलत बाहेर पडला आणि डावीकडे वळला.

"सुटला!" डोझरवाले ओरडले. "अगं, सुटला!"

ट्रेलरसमोर मात्र ते थांबले नाहीत. मोकळ्या गल्लीत डावीकडे, पुन्हा डावीकडे, असं अख्खं रिंगण घेऊन ट्रॅक्टर परत भिंतीच्या भगदाडासमोर आला. डोझरवाल्यांचा चेहरा नव्या नवरदेवासारखा फुलला होता.

"आता कशाला न्यायचा? आता सगळीकडे वळतो! दारापासून लांब लावतो ना, त्या कोपऱ्यात!"

बाई भगदाडात उभ्या राहिल्या. दोन्ही हात कमरेवर.

"सरक गं!"

त्या सरकल्या नाहीत. पायाखाली विटा डगमगत होत्या, समोर लोखंडाचं धूड धडधडत होतं.

"वळतो ना आता?"

"वळतो म्हणजे काय, लोण्यासारखा!"

"मग वळवा," बाईंनी ट्रेलरकडे बोट केलं. "तिकडे."

डोझरवाल्यांनी बायकोकडे पाहिलं, तिच्यामागे प्लॅस्टिक काढून ठेवलेल्या टेबलाकडे पाहिलं. मग हळूच दांडा ओढला. ट्रॅक्टर वळला आणि एकही हेलकावा न खाता ट्रेलरला टेकवलेल्या फळ्यांवरून वर चढला. असं चढवणं सोपं नसतं, हे बाईंना कळत होतं.

"काका, पुढे केबिनमध्ये बसा," ट्रेलरवाला म्हणाला.

"मी इथेच बरा आहे."

"वरून पडाल."

"इतकी वर्षं पडलो नाही."

शेवटी बाईच ओरडल्या, "केबिनमध्ये बसा म्हणते ना!" तेव्हा ते उतरले, आणि गाडी हलेपर्यंत काचेतून मान वळवून मागेच पाहत राहिले.

शिष्यांनी टेबलाला हात घातला. दाराची दोन्ही पानं उघडली होती.

"थांबा," बाई म्हणाल्या. "आधी वाटेतल्या विटा उचला. अख्ख्या एका बाजूला रचा, तुकडे दुसऱ्या बाजूला. भिंत ह्यांनाच बांधायचीय, आणि एक वीट कमी पडली तरी पुढचा उन्हाळा येईल."