मुद्देमाल झालेली बैलजोडी

घरी पाहुणे आले की आमची सौ. चहा टाकताना म्हणते, "आता बैलांची गोष्ट सुरू होणार." होतेच. नोकरीतले खून-दरोडे मला पुसट आठवतात, पण ही बैलजोडी अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

तेव्हा मी घाटंजीकडच्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. एका मावशींची बैलजोडी चोरीला गेली होती. नवऱ्याचा पाय मोडलेला, शेताचा सगळा भार त्यांच्यावर. कपाशीत तण माजलेलं आणि ते काढायला डवऱ्याला जुंपायचे बैलच गोठ्यातून गायब. मावशी रोज ठाण्यात येऊन विचारायच्या, "सापडले का? तण काही तुमच्या तपासाची वाट पायत नाही, साहेब."

मग आठवडी बाजारातून आमच्या खबऱ्याचा फोन आला. "साहेब, पोळा अजून लांब हाये, अन् इथं एका जोडीचे शिंगं आतापासूनच लाल! कायले?"

मी यवतमाळच्या कारकुनी घराण्यातला. म्हणालो, "हौस असेल."

"हौस कायची? रंगाखाली कायतरी लपवून राह्यला तो!"

बैल आणि विकणारा, दोघांनाही ठाण्यात आणलं. रॉकेलने रंग पुसला, तर तांबड्या बैलाच्या शिंगावर फिर्यादीत लिहिलेला भाजल्याचा डाग निघाला. विकणारा मात्र गडबडला नाही. "डाग तर कोनत्याही बैलाले राह्यते. घरचे बैल हायेत साहेब, गोऱ्हे होते तवापासून मीच जुंपतो." मी आवाज चढवला, टेबल आपटलं. माझाच हात दुखला. त्याने चहा मागितला.

हताश होऊन मी हवालदाराला म्हणालो, "रात्रभर झोप नाही. घरी पाहुणे होते, पलंगाची बाजू बदलावी लागली. मला भिंतीकडचीच बाजू लागते."

हवालदार हसला. "बैलाचंही तसंच साहेब. जो उजवीकडं शिकला, तो जन्मभर उजवाच."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आत जाऊन विचारलं, "तांबडा कुठल्या बाजूला जुंपतोस?"

"डावीकडं," तो बेधडक म्हणाला.

बाहेर बसलेल्या मावशींना वेगळं विचारलं. "तांबडा उजवा, पांढरा डावा. उलटं केलं तर पाऊल उचलत नाहीत."

पंच बोलावले, एक बंडी मागवली. आधी त्याच्या सांगण्याप्रमाणे जुंपली. बैल एकमेकांना रेटत आडवे झाले आणि बंडीचं चाक वरिष्ठांच्या तपासणीसाठी मी हौसेने मांडलेल्या गुलाबाच्या कुंड्यांवरून गेलं. मग मावशींच्या सांगण्याप्रमाणे जुंपली. जोडी सरळ फाटकाबाहेर निघाली, हवालदाराला मागे धावावं लागलं. विकणारा खाली बसला. बैल कुठून सोडले, सोबत कोण होतं, सगळं बोलला.

मला वाटलं, झालं. मावशींनाही तेच वाटलं. त्यांनी कासरा हातात घेतला आणि मला त्यांना अडवावं लागलं. "मावशी, हे बैल आता मुद्देमाल आहेत. कोर्टाच्या हुकमाशिवाय मला देता येत नाहीत."

"तुमी चोराले धरलं का मले?" मावशी कडाडल्या. "कोर्टात गेले म्हंजे बैल मातारे होऊनच घरी येतीन!"

खरं सांगायचं तर मलाही तीच धास्ती होती. कोर्ट म्हणजे तारखा, एवढंच माझ्याही डोक्यात. तरी त्यांना तालुका कोर्टाच्या आवारातल्या विधी सेवा समितीत पाठवलं. तिथे बाईमाणसाला वकील फुकट मिळतो. तिथल्या तरुण वकीलबाईंनी लगेच अर्ज लिहिला आणि न्यायदंडाधिकाऱ्यांनी माझं म्हणणं मागवलं.

न्यायदंडाधिकारी बाईंनी विचारलं, "पंचनामा, फोटो झाले?"

"झाले, मॅडम."

"मग बैल ठाण्यात कशासाठी हवेत?"

"तशी गरज नाही, मॅडम. चाऱ्याचीही पंचाईतच आहे."

हुकूम झाला: खटला संपेपर्यंत बैल विकायचे नाहीत, बोलावल्यावर हजर करायचे, या अटींवर बैल मावशींच्या ताब्यात. मावशींनी सुपूर्दनाम्यावर, म्हणजे ताबा घेतल्याच्या कागदावर, सही केली आणि कासरा हातात घेतला. दुसऱ्या दिवशी डवरा शेतात चालला.

पण आरोपी ठाण्यातलं बोलणं नाकारून, बैल माझेच म्हणत, त्या हुकमाविरुद्ध यवतमाळच्या सत्र न्यायालयात गेला. मावशी पुन्हा ठाण्यात. "आता ते मोठं कोर्ट बैल नेते का?"

"मोठं कोर्ट खालच्याचं काम तपासतं मावशी. त्याच्याही वर नागपूरला उच्च न्यायालय आहे."

"म्हंजे तुमच्यावर साहेब, त्याच्यावर साहेब, तसं?"

"तसं नाही. माझा साहेब मला फोन करून सांगतो, असं कर. तिथे तसा फोन चालत नाही. जे काही म्हणायचं ते दोन्ही बाजूंसमोर, कारण देऊन."

सत्र न्यायालयाने दोन्ही बाजू ऐकल्या आणि हुकूम कायम ठेवला.

पुढे खटला चालला, शिक्षाही झाली. तोवर माझी बदली झाली होती. साक्षीसाठी परत गेलो, तेव्हा उलटतपासणीत आरोपीच्या वकिलाने मला चांगलंच घामाघूम केलं. पूर्वी असल्या प्रश्नांचा राग यायचा. त्या दिवशी नाही आला. ज्या कोर्टाने मला विचारलं की बैल ठाण्यात कशासाठी हवेत, त्याच कोर्टाने मला आणखी काहीही विचारावं. चोर पकडला म्हणून मला शाबासकी मिळाली, पण मावशींचं पीक त्या मधल्या हुकमाने वाचलं, आणि तो हुकूम देणं माझ्या हातात नव्हतं. नव्हतं, हेच बरं.

साक्ष संपवून बाहेर आलो तर मावशी पायरीवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "चाला साहेब, बंडी आणली हाये. स्टँडपर्यंत सोडतो."

पोलिसांची गाडी उभी होती. मी बंडीत बसलो.