पाणी लागलेली गाडी

लालबागहून गिरगावला जायचं म्हटलं की टॅक्सीवाल्याची मान आडवी हलते. त्यात हातात काठी, अंगात स्वेटर आणि तोंडावर सूज असा माणूस फूटपाथवर उभा दिसला, तर टॅक्सी थांबतच नाही. सुभद्रा मेस्त्रीला हे तीन वर्षांत पाठ झालं होतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार. पहाटे सहाला नवऱ्याचा दंड धरून चाळीच्या गेटवर उभं राहायचं, हात दाखवायचा, "गिरगाव" म्हणायचं. टॅक्सी निघून गेली की पुढच्या टॅक्सीला हात दाखवायचा.

आनंदाची दोन्ही मूत्रपिंडं बसली होती. परळच्या इस्पितळांतल्या याद्या मारुतीच्या शेपटासारख्या, म्हणून गिरगावातल्या एका ट्रस्टच्या डायलिसिस केंद्रात जागा मिळाली तेव्हा सुभद्राने गावच्या देवापुढे, रवळनाथापुढे साखर ठेवली होती. पण पाळी सकाळी सातची. दहा मिनिटं उशीर झाला की तिथली सिस्टर घड्याळाकडे बघायची, तोंडाने काही बोलायची नाही. त्या न बोलण्याचीच सुभद्राला धास्ती.

डॉक्टरांनी तिला एक गोष्ट शिकवली होती. रोज सकाळी नवऱ्याच्या नडगीवर अंगठा दाबायचा, पाच आकडे मोजायचे आणि उचलायचा. खळगा लगेच भरून आला तर बरं. तसाच राहिला तर अंगात पाणी साठलंय. देवापुढे दिवा लावला की तिचं दुसरं काम हे. आनंदाला दिवसभराचं पाणी एका छोट्या बाटलीत मोजून मिळायचं, चहा-आमटी त्यातच धरून. आणि तहान तर अशी, की तो नळाचा आवाज आला तरी मान वळवायचा. दोनदा तिने त्याला मोरीत चोरून पाणी पिताना पकडलं होतं. एकदा तर उशीच्या अभ्र्यात बाटली सापडली.

"लहान पोरासारखं काय करताय हे?"

"पोराक तरी आई पाणी देता गो," आनंदा म्हणाला होता. ती त्या दिवशी जेवली नव्हती.

गेल्या जूनमध्ये सुभद्रा महापालिकेच्या शाळेतून शिपाई म्हणून निवृत्त झाली. पैसे हातात आले तेव्हा घरात वेगवेगळे बेत निघाले. तिने सगळ्यांना एकच सांगितलं, "मला गेटसमोर उभी राहणारी गाडी पाहिजे. जुनी चालेल. मान आडवी न हलवणारी पाहिजे." मुलगी सुचित्रा गाडी शिकली होती. फोर्टातल्या कचेरीत तिची पाळी दुपारची, त्यामुळे सकाळचा प्रश्न नव्हता.

शेजारच्या खोलीतले तात्या घाडी त्यांच्याच कोकणातल्या गावचे. वय अठ्ठ्याहत्तर. गावात देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याकडे, आणि चाळीतही बारसं असो की नवा फ्रीज, नारळ ठेवून देवाला साकडं घालायला तात्याच लागायचे. त्यांचा भाचा सुयोग परळला जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करायचा. त्याने एक पांढरी गाडी आणून दाखवली.

"मावशी, एकहाती गाडी. गिरगावातल्या वयस्कर माणसाची. देवळापलीकडे कधी गेली नाय."

गाडी चकचकीत होती. आत नवी सीट कव्हरं, पुढे छोटासा गणपती, आरशाला चंदनाच्या वासाची डबी टांगलेली. सुचित्राने एक चक्कर मारली. इंजिनाचा आवाज ठीक वाटला. मेकॅनिकला दाखवूया, असं ती म्हणाली तेव्हा तात्यांचा चेहरा उतरला.

"घरच्या माणसावर इस्वास नाय तुझो?" तात्यांनी विचारलं. झालं, विषय तिथेच मिटला. फक्त सुभद्राने एवढं केलं की, कागद नावावर होईपर्यंत चेक सुयोगला न देता तात्यांच्या हवाली ठेवला. तात्यांना तेही आवडलं. मान राहिला.

मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारी गाडी दारात आली. सुभद्राचा उपास होता. सकाळी घट मांडून झाल्यावर तिने गाडीला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. तात्या सदऱ्यावर उपरणं टाकून बॉनेटसमोर उभे राहिले आणि गेटच्या बाहेर जाईल अशा खणखणीत आवाजात सुरू झाले.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा! ह्या तुझ्या लेकरान आज गाडी दारात आणल्यान हा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" चाळीतले पाचपंचवीस लोक एका सुरात म्हणाले.

"तिका रस्त्यात आडो-पाडो येव नको, कोणाची वायट नजर लागा नको, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आनंदाक तुझ्या कृपेन सुखान नेव नि सुखान आण, म्हाराजा!"

ह्या वेळी "व्हय म्हाराजा" सुभद्रा सगळ्यांच्या आधी म्हणाली.

मग नारळ फुटला, आणि नासका निघाला. असा वास सुटला की पुढची बायामाणसं पदर नाकाला लावून मागे सरली. पण तात्यांनी लगेच हात वर केला. "नासको निघालो म्हणजे देवान गोड मानून घेतल्यान!" सगळ्यांनी माना डोलावल्या. लहानपणापासून तिनेही हेच ऐकलं होतं. त्या वासात, चंदनाच्या डबीत आणि उदबत्तीत गाडीचा स्वतःचा वास काय आहे, हे कुणाच्या नाकाला कळायचं कारणच उरलं नाही.

शुक्रवारी पहाटे पहिल्यांदाच ती गेटवर हात न दाखवता उभी राहिली. सुचित्राने गाडी पुढ्यात आणली. आतल्या काचा धुरकटल्या होत्या. "थंडी आहे ना," सुचित्रा म्हणाली आणि फडक्याने पुसल्या. काचा पुन्हा धुरकटल्या. आनंदा पुढे बसला. सूज असल्यामुळे पायात चप्पल मावत नव्हती, म्हणून मोजे घातले होते. भायखळा गेलं, जे. जे.चा पूल आला. आनंदाने मागे वळून हळूच सांगितलं, "पायाकडे ओला लागता गो."

सुभद्रा पुढे वाकली. मोज्याला हात लावला. ओला होता.

"बाटली कुठेय?"

"कसली बाटली?"

"मला शिकवू नका. सीटखाली लपवलीत ना? सांडली ना?"

"नाय गो. रवळनाथाशपथ."

"देवाची शपथ घालू नका सकाळी सकाळी!" ती एवढ्या जोरात ओरडली की सुचित्राने ब्रेक मारला. "तीन वर्षं मी रात्रीचा दिवस करते. गाडी घेतली, ती कुणासाठी? आणि तुम्ही पहिल्याच दिवशी चोरून पाणी पिता?"

आनंदा समोर बघत राहिला. मग काच खाली करून बाहेर बघू लागला. केंद्रात त्याला वजनकाट्यावर चढवताना सुभद्राने आकडा बघितला, चोर पकडल्यासारखा. आकडा नेहमीपेक्षा कमी होता. ती चपापली. पण तेव्हा सुया टोचायची घाई होती.

मशीन सुरू झालं की आनंदाला हुडहुडी भरते. शाल गाडीत राहिली होती. सुचित्राला बापाजवळ बसवून सुभद्रा चावी घेऊन खाली आली. गाडी फणसवाडीच्या तोंडाशी लावलेली. दार उघडलं तेव्हा नारळ नव्हता, उदबत्ती नव्हती, चंदनाच्या डबीतलं तेलही उडून गेलं होतं. बंद गाडीत जो वास कोंडला होता, तो तिने ओळखला. शाळेच्या तळमजल्यावर पाणी भरायचं आणि ओसरल्यावर चार दिवसांनी सतरंज्या उचलायच्या, तेव्हा यायचा तो हा वास.

तिने सीटखाली हात घालून बघितलं. बाटली नव्हती. मागच्या सीटखालीही नव्हती.

मग तिने काय केलं ते तिचं तिलाही नंतर नवल वाटलं. आनंदाचे पाय जिथे होते, तिथलं रबरी पायपुसणं बाजूला केलं आणि खालच्या गालिच्यावर अंगठा दाबला. पाच आकडे मोजले. उचलला.

खळगा राहिला. हळूहळू त्यात पाणी उतरलं, गढूळ, चहाच्या गाळणीखाली उरतं तसं. शेवटचा पाऊस होऊन दोन महिने झाले होते. तिने अंगठा नाकाशी नेला. गाडी धुतली असती तर साबणाचा वास आला असता. हा गटाराचा होता.

ती तिथेच, उघड्या दारात पाय बाहेर सोडून बसली. रडू आलं नाही. रडायलाही अंगात थोडं बळ लागतं. दोन मिनिटं बसून तिने सुयोगला फोन लावला.

"मावशी, पावसात हिंदमाताच्या तुंबलेल्या चौकात कोणाच्या गाडीला पाणी लागत नाय?" सुयोग हसून म्हणाला. "जरा पायाशी लागलं होतं. सुकवून घेऊ ना आपण."

"तू तर गाडी गिरगावची म्हणालास."

"मालक गिरगावचा. गाडी तिकडे अडकली होती एक दिवस."

"मध्येच बंद पडली तर? मशीनवरून उतरलेला माणूस आहे माझा. चक्कर येते त्याला. भर रस्त्यात कुठे उतरवू?"

"असं अशुभ का बोलता? नारळ फुटला, गाऱ्हाणं झालं. आता परत म्हणजे देवाचा अपमान. मामांना विचारा हवं तर."

तिने फोन ठेवला. पोरगं हुशार होतं, नेमक्या जागी बोट ठेवलं होतं. पाचपंचवीस माणसांनी 'व्हय म्हाराजा' म्हटलेलं मागे घ्यायचं कसं? आणि ठेवून घ्यायची, तर आनंदाला तिच्यात बसवायचं कसं?

वर येऊन तिने शाल पांघरली. आनंदाचे डोळे मिटलेले होते.

"बाटली नव्हती," ती म्हणाली.

"मी सांगलय तुका."

"गाडीच्याच अंगात पाणी आहे."

आनंदाने एक डोळा उघडला. "मगे तिका हय बाजूच्या पलंगार घेवा. माझ्यावांगडा तिचाय पाणी काढून होयत."

सुचित्रा फिस्सकन हसली. सुभद्राने मात्र शालीखाली हात घालून त्याचं पाऊल धरून ठेवलं. चुकलं, असं तिने आयुष्यात नवऱ्याला कधी म्हटलं नव्हतं. आजही म्हटलं नाही. चार तास पाऊल सोडलं नाही.

संध्याकाळी ती तात्यांकडे गेली. तात्या खाटेवर बसून बातम्या बघत होते. तिने सगळं सांगितलं. टीव्ही चालूच होता.

"माका म्हायत नव्हता गो," तात्या म्हणाले. "माका म्हायत असता तर मी तोंड उघडलय असतंय?"

"मला ठाऊक आहे ते."

"पण आता देवासमोर शब्द गेलो. नारळ दिलो. परत कसो घेवचो?"

हा प्रश्न ती दिवसभर मनात घोळवत होती. "तात्या, नारळ आपण देवाला दिला. गाडीला नाही दिला. तो देवाकडेच राहू दे. आणि तुम्ही काय मागितलंत? सुखान नेव, सुखान आण. गाडी राहू दे, असं कुठे मागितलंत?"

तात्यांनी टीव्ही बंद केला. उशीखालून चेकचा लिफाफा काढून तिच्या हातात दिला. तोंड भिंतीकडे वळवलं. ती उंबऱ्यापर्यंत गेली तेव्हा म्हणाले, "सुयोगाक सांग, गाडी घेवन जा. माका तोंड दाखव नको."

शनिवारी गाडी गेली. गेटजवळ झेंडूच्या चार पाकळ्या तेवढ्या राहिल्या. चाळीत कुजबुज झाली. नासक्या नारळाचा अर्थ आधीच कळला होता, असं सांगणारेही निघाले.

सोमवारी पहाटे सहाला सुभद्रा पुन्हा आनंदाचा दंड धरून गेटवर आली, तर तात्या कानटोपी घालून आधीच रस्त्यात उभे. फूटपाथवर नाही, रस्त्यात.

"तात्या, थंडीत कशाला?"

"गप ऱ्हव."

पहिली टॅक्सी बाजूने काढून निघून गेली. दुसरीच्या समोर तात्या काठी आडवी धरून उभे राहिले, आणि तोच गाऱ्हाण्याचा आवाज लावला. "गिरगाव! पेशंट आसा! नेतलंस काय नाय तां सांग, मगे मी बाजूक होतंय!"

टॅक्सीवाला भय्या घाबरून दार उघडता झाला.

टॅक्सी निघाली. आनंदा मान मागे टाकून म्हणाला, "गाडीपेक्षा तात्यांकाच इकत घेवक व्हया होता."

सुभद्राला हसू आलं, पण ते चेहऱ्यापर्यंत पोचलं नाही. तात्या अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, खोकला लागलेला. परवा बुधवार होता. तिने नकळत वाकून टॅक्सीच्या तळाला हात लावून बघितला. कोरडा होता. मग पाठ टेकून, भायखळा येईपर्यंत, तिने डोळे मिटले.