कललेली मोटार

रॉकेलनं धुतलेल्या पोलादाला एक वास असतो. गार, तिखट, जिभेच्या टोकाशी रेंगाळणारा. चैत्रातल्या त्या सकाळी मुरूम गावातल्या आमच्या अंगणात तो कडुलिंबाच्या फुलोऱ्यात मिसळून स्वयंपाकघरापर्यंत आला होता आणि मी कणीक मळता मळता थांबून तो ओढून घेत होते. असल्या वासानं कुणा बाईला आनंद व्हावा याचं तुम्हांला नवल वाटेल. मला तर अजून वाटतं. पण झाला होता खरा, कारण त्या दिवशी आमची मोटार सरळ होणार होती.

मोटार छोटी, विलायती, राखी रंगाची. निजामाचं राज्य गेलं, विलीनीकरण झालं, त्याला काही वर्षं उलटल्यावर आमच्या ह्यांनी ती सोलापुरातून जुनीच विकत आणली. हे उमरग्याला वकिली करत. रोजच्या जाण्यायेण्याला बरी, म्हणून. गावात मोटार म्हणजे अपूर्वाईच, तेव्हा तिचं रूप सगळ्यांच्या डोळ्यांत भरलं आणि रूपाआधी तिचं व्यंग. ती डावीकडे कललेली होती. आम्ही दोघं बाजारातून निघालो की पेढीवरची माणसं एकमेकांना डोळे घालत. “वकिलीणबाईच्या अंगाला लई झुकती की हो मोटार,” असं एकदा मी माझ्या कानांनी ऐकलं.

मला ते झोंबलं, कारण मीही कललेलीच. लहानपणी विहिरीच्या पायऱ्यांवरून पडले तेव्हापासून माझा उजवा खुबा आखडलेला. चालताना मी एका अंगाला झुकते आणि पाय फार वर उचलत नाही. लग्न ठरताना हे सांगितलेलं होतं, पण त्यानंतर घरात कुणी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. न बोलणं हीच सभ्यता, असं सारे मानत, आणि मी त्या मौनाच्या आडोशाला बरी सुरक्षित होते. देहाच्या उणिवेची लाज किती विलक्षण असते! अपराध कुठलाच नसतो, तरी मान खाली जाते. लुगड्याचा घोळ सावरण्याचं निमित्त करून आपण चाल लपवत राहतो. आणि इथं ही मोटार तेच व्यंग गावभर मिरवत हिंडणार? तिला एकदाची सरळ करून घ्या, असा मी ह्यांच्यामागे लकडाच लावला. ते नुसतं “बघू” म्हणत.

शेवटी रस्त्यानंच माझं काम केलं. या मोटारीच्या पुढच्या चाकांना धक्के झेलणारे स्प्रिंगचे पाटे नव्हते. दोन्ही बाजूंना पोटाखालून गेलेली एकेक लांब पोलादी कांब होती. तिचं एक टोक सांगाड्यात घट्ट रुतलेलं, दुसरं चाकाकडच्या दांड्यात. खड्डा आला की कांब पिळली जायची आणि तो पीळच मोटारीला पुन्हा वर उचलायचा. उमरग्याच्या खड्ड्यांनी त्या कांबी थकल्या, पोट जमिनीला घासू लागलं आणि मुंबईहून नव्या मागवाव्या लागल्या. नणंदेच्या मुलीचं लग्न आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीला होतं; चार पाहुण्यांत आपण ताठ मोटारीतून उतरू, या कल्पनेनं मी हरखून गेले होते.

त्या सकाळी नव्या कांबी बसवायला कासीमभाई मिस्त्री मोटारीखाली आडवा झाला होता. कांबेच्या टोकाला दाते असतात. ते अलीकडच्या-पलीकडच्या खाचेत बसवले की ती बाजू खाली-वर होते. तो खालूनच म्हणाला, “वकीलसाब, दोन्ही बाजू सारख्या बसवू, का पयल्यावाणी डावी उतरून ठेवू? बाईसायबांला चढाया तरास व्हईल, म्हून इचारतो.”

आणि हे हलक्या आवाजात म्हणाले, तरी स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला ऐकू आलंच, “डावी खालीच असू दे. घरात बोलू नकोस.”

म्हणजे मोटार थकून कललेली नव्हतीच. डावीकडून चढताना माझा पाय सहज आत जावा म्हणून ह्यांनी ती घेतल्या दिवसापासून तशी बसवून घेतली होती. गावाचं हसू निमूट सोसलं आणि मला कळू दिलं नाही. खरं तर माझे डोळे भरून यायला हवे होते. मला मात्र अंगणात विवस्त्र उभं केल्यासारखं झालं. मिस्त्रीला ठाऊक होतं! कणकेच्या हातानं मी ओसरीवर आले आणि म्हणाले, “कासीमभाई, दोन्ही बाजू सारख्या बसवा.” त्यानं ह्यांच्याकडं पाहिलं. ह्यांनी जमिनीकडं पाहिलं आणि म्हणाले, “ती म्हणते तसं कर.”

लग्नाला निघायच्या दिवशी सासूबाई आधीच मागं जाऊन बसल्या होत्या. शेजारपाजार निरोपाला दारात जमलेला. मोटार कशी ताटासारखी समतल! मी पाय उचलला. तो पोचला नाही. लुगडं सावरून पुन्हा उचलला, तरी नाही. एरवी हसणारी माणसं आता दुसरीकडं पाहू लागली, आणि ते हसण्याहून वाईट होतं. हे पलीकडच्या दाराशी थांबलेले. त्या काळी वडीलधाऱ्यांदेखत बायकोच्या अंगाला हात लावणं म्हणजे निर्लज्जपणाच. जो माणूस माझ्यासाठी लोखंड वाकवत होता, त्याला हात पुढं करणं जमत नव्हतं, आणि मला मागणं.

मग माझाच आवाज मला ऐकू आला. “अहो, माझा पाय वर जात नाही. हात द्या.”

सासूबाईंनी पदर पुढं ओढला. हे वळसा घालून आले. त्यांचा तळवा घामानं भिजला होता. मी बसले. माझे कान जे तापले, ते मैलोन् मैल निवले नाहीत.

वाटेत सासूबाईंचा डोळा लागल्यावर हे हळूच म्हणाले, “एवढं आधी म्हणाली असतीस तर.” त्यांच्या स्वरात राग नव्हता, नुसता थकवा होता. मी खिडकीबाहेरची काळी रानं बघत राहिले. तुम्ही तरी कधी विचारलंत, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण हात मागून माझं सगळं धाडस सरलं होतं, आणि तेवढं मात्र माझ्यानं म्हणवलं नाही.