मागून आवाज आला नाही

आमच्या गोवंडीत धोंडिराम साळवेकाकांना आता शोधावं लागत नाही. नाक्यावरच्या बॅनरवर ते हात उंचावून उभेच असतात. मला त्या बॅनरचा राग येतो. मी ओळखत होते ते काका वेगळे होते.

काका बौद्धाचार्य. पोटासाठी कारखान्यात नोकरी, आणि सुट्टीच्या दिवशी पांढरा सदरा घालून वस्तीतली लग्नं, नामकरणं, कुणी गेलं तर पुण्यानुमोदन. माझे वडील गेले तेव्हा घरात सल्ले देणाऱ्यांची ही गर्दी! काका आले, आईसमोर जमिनीवर बसले आणि म्हणाले, "आधी जरा गप्प बसू या." त्यांनी डोळे मिटले, आम्हीही मिटले. तेव्हा कुठे मला रडू फुटलं. वंदना त्यानंतर झाली.

पुढे एका लग्नात नवरदेव प्रतिज्ञा म्हणताना अडखळला. काका सहज बोलून गेले, "इथंच गाडी अडली, तर घाटात काय करशील रे?" मांडव हसला. कुणीतरी त्याचा व्हिडिओ मोबाईलवर टाकला आणि काकांचीच गाडी सुसाट सुटली. दिंडोशी, कांदिवली, कुठून कुठून बोलावणी यायला लागली. हार, स्टेज, माइक. लोक त्यांच्या मागोमाग वंदना म्हणायला लागले की काका कानाला हात लावून ओरडायचे, "मागून आवाज आला नाही!" पोरंटोरं रस्त्यात त्यांना बघून तेच ओरडायची आणि काका खूश व्हायचे.

चंपाकाकू कुरकुरायच्या. "बोलतात झकास गं हे. पण आता कुणाकडे गप्प बसत नाहीत. डोळे मिटले तर फोटोपुरते."

गेल्या वर्षी काकू गेल्या. दुसऱ्या आचार्यांना बोलवू म्हटलं, तर काका ऐकेनात. "तिचा विधी मीच लावणार. तिच्यासाठी तेवढं तरी नीट होऊ दे माझ्या हातून."

विहार भरला होता. काकांनी त्रिशरण नीट सांगितलं, मग पंचशील सुरू केलं. "पाणातिपाता वेरमणी..." आम्ही रडत, कसंबसं पुटपुटलो. काकांचा हात कानाकडे गेला.

"मागून आवाज आला नाही!"

मागे त्यांची मुलगी संघमित्रा तोंडात ओढणी कोंबून बसली होती. दोघातिघांनी सवयीनं ते शील मोठ्यानं म्हणूनही टाकलं. काकांचा हात कानाजवळच राहिला. त्यांचं तोंड बघवत नव्हतं.

संघमित्रा पुढे आली. तिनं त्यांच्या हातातला माइक काढून घेतला. "पप्पा, लोकांच्या घरी बसायचात ना, तसं बसा. आईसाठी."

काका खाली बसले. त्यांनी डोळे मिटले, आम्हीही मिटले. मला माझे वडील आठवले, ती दुपार आठवली. वाटलं, जुने काका आले परत. जरा वेळानं मी डोळे उघडले, तर काका आमच्याकडेच बघत होते.

"नाही जमत गं," ते लेकीला म्हणाले. "डोळे मिटले की चंपा दिसत नाही. समोर बसलेले लोकच दिसतात."