तिसरा गोळा झाला की निघ

मी नोकरीसाठी पुण्याला निघाले त्या सकाळी आईनं हातावर दही ठेवलं आणि तेवढ्यात जवळच्या चाचणी रेंजवर तोफ कडाडली. आमच्या जबलपूरच्या महाराजपुरात मग काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. दही राहिलं बाजूला. हादऱ्यानं पडू नयेत म्हणून आई धावली फळीवरच्या लोणच्याच्या बरण्या खाली उतरवायला. बाबा त्याच रेंजवर तोफा तपासायच्या कामावर, त्या दिवशी रजेवर होते. म्हणाले, "थांब जरा. पहिला गोळा लांब जाते, दुसरा अलीकडे पडते, तिसरा खुणेवर बसते. तिसरा झाला की निघ." आमच्या घरचा मुहूर्तच तो. तिसऱ्यांदा खिडक्या थरथरल्या, बरण्या परत फळीवर गेल्या आणि मी ऑटोत बसून आधारतालपर्यंत रडले.

पुण्यात मी त्याच गोळ्यांना शहाणं करायचं काम करते. गोळ्याच्या टोकावर मुठीएवढं यंत्र बसतं, त्याला चिमुकले पंख. उपग्रहाकडून पत्ता घेऊन ते उडत्या गोळ्याची वाट दुरुस्त करतं. बोलण्यातलं घरचं "काहून" जाऊन कधीच "का" झालं. भाड्याच्या फ्लॅटमध्ये भांडी घासतानाही डोक्यात पंखच.

या हिवाळ्यात आमची चाचणी नेमकी जबलपूरच्या त्याच रेंजवर आली. इतक्या वर्षांची मेहनत एका गोळ्यावर! तोफ उडाली, जीव टांगणीला लागला. मग वायरलेसवर आवाज आला: पहिलाच गोळा खुणेवर. बाप रे, अंगावर सर्रकन काटा आला. नळीतून सुटला की गोळा कोणाचंच ऐकत नाही, असं लहानपणापासून ऐकलेलं. आणि हा वर, वाऱ्यात, सांगितलेलं ऐकून वळला होता. थोडी भीतीही वाटली, खरं सांगते.

संध्याकाळी घरी गेले तर बरण्या अजून जमिनीवरच. बाबांचं तोंड उतरलेलं. आवाज एकच आला, म्हणजे पोरीचं काम फसलं, असं दोघांनी धरून ठेवलेलं.

"काहून बंद पडली व माय तोफ?"

"बाबा, पहिलाच बसला. दुसऱ्याची गरजच पडली नाही."

"अच्छा? वरच्यावर वळला? बाप्पा!" असं म्हणत ते अंगणात गेले आणि रिकाम्या आभाळाकडे बघत कितीतरी वेळ उभे राहिले. जन्मभर तोफांजवळ राहिलेला माणूस, पण असा कधी दिसला नव्हता.

आई एकेक बरणी वर ठेवून राहिली होती. शेवटची हातात धरून थांबली. "अन् आता तिसरा होतच नाही, तर तुला निघ कधी म्हणायचं?"

तुम्ही महाराजपुरात राहिलेले आणि माझ्यासारखे निघून आलेले, कोणाकडे उत्तर असेल तर सांगा. मी तिच्या हातातली बरणी घेतली आणि परत खाली ठेवली, तिसरा अजून व्हायचा असल्यासारखी.